बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास : आपली मते आणि आपली तयारी



वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाविषयी आपल्या वस्तीत गेली कित्येक वर्षे रोज बोलले जाते. जिन्यात, नळावर, विहारात वंदना आटोपल्यावर, लग्नाच्या मांडवात, कोठेही चार माणसे जमली की विषय इमारतीवर येतो. ‘किती स्लॅब पडले?’, ‘आपला नंबर कधी?’, ‘नवीन घराचा खर्च झेपेल का?’ हे प्रश्न ठरलेले. या चर्चेत कळकळ भरपूर असते. मात्र पक्की माहिती थोडी आणि ऐकीव गोष्टी फार, असे आम्हांस वारंवार दिसून आले. म्हणून आम्ही लोकांची निरनिराळी मते ऐकून घेतली आणि त्यांतील कोणत्या गोष्टीला आधार आहे, कोणती भीती रास्त आहे आणि आपल्या हातात काय आहे, हे क्रमाने मांडण्याचे योजिले.

चाळी कशा उभ्या राहिल्या

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत गिरण्यांची भरभराट होती, परंतु गिरणीत राबणाऱ्या माणसाला डोके टेकायला जागा नव्हती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, १९२० साली, सरकारने ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे खाते काढले. बी.डी.डी. हे नाव त्यावरून पडले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा मूळ बेत होता आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या. वरळीस १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालय सामाईक.

आज जेथे खोलीसाठी जीव टाकला जातो, तेथे सुरुवातीला भाडेकरू मिळत नव्हते, ही गोष्ट तरुण पिढीला खरी वाटणार नाही. भाडे कामगाराच्या ऐपतीबाहेरचे होते आणि वरळीसारखी जागा त्या वेळी आडबाजूची मानली जाई. त्यामुळे १९२० नंतरच्या दशकात कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या. पुढे कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. त्यांत आपले आजोबा-पणजोबाही होते. सरकार मालक आणि सार्वजनिक बांधकाम विभाग देखभाल करणारा, अशी व्यवस्था राहिली.

चाळीचे जीवन आपल्याला लाजिरवाणे वाटण्याचे कारण नाही. स्वतः बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वीसहून अधिक वर्षे राहिले. ती चाळ निराळ्या खात्याची, पण जिणे तेच. वरळीच्या चाळींनी १९७४ सालची दंगल पाहिली आणि दलित पँथरच्या सभाही पाहिल्या. गॅलरीत दिव्याखाली अभ्यास करून आपली मुले पदवीधर झाली. म्हणूनच या चाळी पाडण्याचा विषय केवळ विटा-सिमेंटचा राहत नाही.

योजना काय आहे

राज्य शासनाने २०१६ साली या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे सोपविले. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्यामुळे त्या या योजनेत आल्या नाहीत. उरलेल्या तीन ठिकाणच्या १९५ चाळी आणि त्यांतील सुमारे साडेपंधरा हजार गाळेधारक, एवढा हा पसारा आहे. पात्र रहिवाशाला १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फूट चटई क्षेत्राचे मालकी हक्काचे घर विनामूल्य द्यावयाचे, हा योजनेचा गाभा होय.

‘विनामूल्य’ या शब्दावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. सरकार फुकट का देईल, असा त्यांचा सवाल असतो. त्याचे उत्तर जमिनीत आहे. या ठिकाणी चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे ज्याला आपण सर्वजण एफएसआय म्हणतो, तो चार धरलेला आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर एक एकर भूखंडावर चार एकरांइतके बांधकाम करता येते. त्यातील काही बांधकाम रहिवाशांसाठी आणि उरलेले म्हाडाने बाजारभावाने विकण्यासाठी. त्या विक्रीतून आपल्या घरांचा खर्च भागवायचा. याचा अर्थ आपल्या घराची किंमत आपण ज्या जमिनीवर शंभर वर्षे राहिलो त्या जमिनीतून चुकती होते. हे दान नव्हे. त्यामुळे प्रश्न विचारताना संकोचण्याचेही कारण नाही.

कामाची गती पाहू. २२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाले. त्यानंतर पात्रतेची छाननी, करारनाम्याविषयीचे आक्षेप, चाळी रिकाम्या करणे यांत वर्षे गेली आणि वरळीत प्रत्यक्ष कामाला २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरुवात झाली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या चाळीस मजली इमारतींतील ५५६ घरांच्या चाव्या देण्यात आल्या. भूमिपूजनापासून पहिल्या चावीपर्यंत आठ वर्षे. साडेपंधरा हजारांतील ५५६ ही केवळ सुरुवात आहे, हे विसरून चालणार नाही.

लोक काय म्हणतात

सर्वांत ठाम मत आम्हांस भगिनींचे आढळले. ‘घरात आपले स्वतःचे शौचालय आणि न्हाणीघर येणार असेल तर आम्ही उद्या खोली सोडतो’, असे त्या सांगतात. रात्री-अपरात्री सामाईक शौचालयापर्यंत जाणे, वयात आलेल्या मुलींची कुचंबणा, बाळंतिणीचे आणि आजाऱ्याचे हाल या गोष्टी पुरुषांच्या चर्चेत क्वचित येतात. आमच्या मते पुनर्विकासाच्या बाजूने याहून मोठे कारण दुसरे नाही.

वृद्धांचे मत याच्या उलट दिशेला झुकते. चाळीत दार सताड उघडे असते. कोणी खोकले तरी शेजारी चौकशी करतो. तिसाव्या मजल्यावर दार लावून बसल्यावर आपल्याला विचारील कोण, लिफ्ट बंद पडली तर काय, ही त्यांची चिंता आहे. त्यातच घरांचे वाटप सोडतीने होत असल्याने जुना शेजार टिकेल याची शाश्वती नाही. ज्या चाळी एकेका समाजाच्या म्हणून ओळखल्या जात, तेथील कुटुंबे आता मिसळून राहणार. काहींना यात धास्ती वाटते. आम्हांस यात भले दिसते. समुद्राला मिळाल्यावर नद्यांची निराळी नावे उरत नाहीत, हा दृष्टांत आपण संघाविषयी सांगतो. तो मजल्यावर आचरण्याची ही संधी आहे. मात्र नव्या मजल्यावरचा शेजार आपोआप तयार होणार नाही, तो जोडावा लागेल.

निवृत्त गिरणी कामगारांच्या बोलण्यात संशय जास्त असतो आणि तो अनाठायी नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमांत गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा सार्वजनिक जागेसाठी आणि तिसरा हिस्सा घरांसाठी म्हाडाला मिळेल अशी तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि लोकांच्या वाट्याला थोडेच आले. जेथे भोंगा वाजत असे तेथे मॉल आणि उंच इमारती झालेल्या या माणसांनी पाहिल्या आहेत. ‘कागदावर काय आहे ते दाखवा’, असे ते म्हणतात तेव्हा त्यांना विकासविरोधी ठरवू नये. करारनामा आधी, स्थलांतर नंतर, हा आग्रह अशाच माणसांनी धरला आणि त्याचा लाभ सर्वांना झाला.

तरुणांचे मत दोन तऱ्हेचे आहे. काहींना मुंबईतच राहून मुलांचे शिक्षण करायचे आहे. काहींचा हिशेब असा, की घर ताब्यात आले की विकावे, बदलापूर-विरारकडे मोठे घर घ्यावे आणि उरलेले पैसे धंद्यात घालावेत. तळमजल्यावरचे दुकानदार गिऱ्हाईक तुटण्याच्या चिंतेत आहेत. सेवानिवासस्थान म्हणून राहिलेल्या पोलीस कुटुंबांचा प्रश्न आणखी निराळा. या सर्वांना एकाच मापाने मोजणे बरोबर होणार नाही.

बांधकामाची प्रगती कशी ओळखावी

स्लॅब मोजून लोक ताबा मिळण्याची तारीख काढतात. ही पद्धत फसवी आहे. पाया खोदणे आणि पायाचे काम यांत बराच काळ जातो, तेव्हा वर काहीच दिसत नाही आणि ‘काम बंद आहे’ अशी आवई उठते. पुढे मजले भराभर चढतात, तेव्हा ‘दिवाळीला ताबा’ अशी दुसरी आवई उठते. शेवटचा स्लॅब पडला म्हणजे सांगाडा झाला. त्यानंतर भिंती, गिलावा, नळजोडणी, विजेची कामे, लाद्या, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, सांडपाण्याची व्यवस्था आणि आग विझविण्याची यंत्रणा ही कामे राहतात. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला मिळतो आणि मग भोगवटा प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र हाती आल्याखेरीज इमारत राहण्यास योग्य ठरत नाही. म्हणून कोणी तारीख सांगितली की एकच प्रश्न विचारावा : भोगवटा प्रमाणपत्र मिळाले काय?

ताबा घेताना घाई करू नये. नळ सोडून पाहावेत, न्हाणीघरात पाणी साठवून खालच्या घराच्या छताला ओल येते का ते पाहावे, खिडक्या-दारे लावून-उघडून बघावीत आणि उणिवा लेखी देऊन पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला पुढे पुरावा राहत नाही.

कागदपत्रे आणि पैसा

बँकेच्या खिडकीवर बसून आम्हांस एक गोष्ट नेहमी दिसते. आपला माणूस पैसा कष्टाने मिळवितो, परंतु कागदाकडे दुर्लक्ष करतो. कित्येक खोल्या अजून दिवंगत आजोबांच्या नावावर आहेत. पात्रतेच्या वेळी मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, शिधापत्रिका, भाडेपावत्या यांची शोधाशोध सुरू होते आणि भावाभावांत वितुष्ट येते. ज्यांची पाळी अजून आलेली नाही त्यांनी हे काम आजच हाती घ्यावे. घर शक्यतो पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावे, असा आग्रह आम्ही धरतो. आणखी एक गैरसमज असा, की नामनिर्देशन केले म्हणजे ती व्यक्ती मालक झाली. तसे नाही. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने विश्वस्त असते. बहिणींचा हक्क त्याने नाहीसा होत नाही.

संक्रमण शिबिरात न जाता बाहेर राहणाऱ्यांना म्हाडाकडून दरमहा २५,००० रुपये भाडे देण्यात येते. हा पैसा निवाऱ्याचा आहे. त्यातून स्वस्त भाड्याची जागा घेऊन उरलेल्या रकमेवर मोटारसायकलचा हप्ता चालविणाऱ्या कुटुंबांना बांधकाम लांबले की जड जाते. उरलेली रक्कम निराळ्या खात्यात ठेवावी.

नव्या घराचा मासिक खर्च

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. घर विनामूल्य मिळते, इमारत विनामूल्य चालत नाही. चाळीत नाममात्र भाडे भरले की काम भागत असे. उंच इमारतीत लिफ्टची वीज आणि देखभाल, पाण्याचे पंप, रखवालदार, सफाई, जिन्यांतील दिवे, विमा हे खर्च थांबत नाहीत. योजनेत पहिल्या बारा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी रहिवाशांवर टाकलेली नाही, ही मोठी सवलत आहे. परंतु तिच्यात नेमके कोणकोणते खर्च येतात, हे संस्थेने म्हाडाकडून लेखी घ्यावे आणि तेरावे वर्ष उजाडणारच हे ध्यानात ठेवावे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का वर्गणी घ्यावयाची असते. समजा, एका घराचा बांधकाम खर्च वीस लाख रुपये धरला. पाऊण टक्क्याचे वर्षाला १५,००० रुपये आणि पाव टक्क्याचे ५,००० रुपये झाले. एकूण २०,०००, म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७ रुपये. लिफ्ट, पाणी, रखवालदार यांचा खर्च याच्या वर. लिफ्टचा आणि इतर सेवांचा खर्च सर्व घरांना सारखा वाटला जातो, पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे, तेवढा दिलासा आहे. तरीही ज्या घरात एकाची मिळकत आणि तीही रोजंदारीची, तेथे हा बोजा भारी आहे.

आमची खरी भीती येथे आहे. कोणी जबरदस्तीने घर काढून घेणार नाही. दरमहाचे बिल थकेल, थकबाकी वाढेल, संस्थेची नोटीस येईल आणि एखादा दलाल सहानुभूतीने दार ठोठावील. शंभर वर्षांनी मिळालेले घर अशा रीतीने पाच-दहा वर्षांत हातचे जाऊ शकते. ज्याने विचारपूर्वक घर विकले त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु बिल भरता आले नाही म्हणून घर विकावे लागणे, हा आपल्या समाजाचा पराभव ठरेल.

यावर उपाय अवघड नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि एक भाग अडचणीच्या काळासाठी. चौथा भाग पूर्ण ठेवणे ज्यांना शक्य नाही त्यांनी निदान महिन्याला एक हजार रुपयांचे आवर्ती ठेव खाते काढावे. बारा वर्षांत मुद्दलच १,४४,००० रुपये होते, व्याज निराळे. आपल्या संस्थेने आणि महिला बचत गटांनी प्रत्येक मजल्यावर ही मोहीम चालवावी, अशी आमची सूचना आहे.

संस्था म्हणजे आपण सर्व

चाळीत नळ गळला तर सरकारला बोल लावून आपण मोकळे होत होतो. आता मालक आपण. संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. तिच्यात हिशेब मांडले जातात. या सभेला न जाणारा माणूस आपल्या घराचा कारभार दुसऱ्याच्या हाती देतो. आग प्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. तो दिला गेला का, हे सभासदांनी विचारावे. बचावासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, ज्याला रेफ्युज एरिया म्हणतात, पिंप, सायकली, जुनी कपाटे ठेवू नयेत. चाळीच्या गॅलरीत चालून गेलेली सवय तिसाव्या मजल्यावर जिवावर बेतू शकते.

महापरिनिब्बान सुत्तात वज्जी लोकांच्या सामर्थ्याची कारणे सांगितली आहेत. ते वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, असा त्याचा आशय आहे. गृहनिर्माण संस्थेला याहून चांगला उपविधी आम्हांस ठाऊक नाही.

शेवटी विहाराविषयी. चाळीचा विहार, बालवाडी, वाचनालय आणि जयंतीचे मैदान यांनी आपल्याला घडविले. नव्या संकुलात या गोष्टींना जागा कोठे आणि किती, हे नकाशा पाहून आताच विचारले पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर भिंत सरकविता येत नाही. मागणी लेखी असावी, सर्व चाळींची मिळून असावी आणि तिच्यात वाचनालय-अभ्यासिकेचा स्वतंत्र उल्लेख असावा. पाचशे चौरस फुटांत प्रत्येक मुलाला अभ्यासाची खोली मिळेलच असे नाही.

इमारतींचे काम अजून अनेक वर्षे चालणार आहे. ज्यांना चाव्या मिळाल्या त्यांनी आपला अनुभव मागून येणाऱ्यांना सांगावा. ज्यांची पाळी यायची आहे त्यांनी कागदपत्रे नीट लावावीत, ठेव खाते उघडावे आणि सभेला हजर राहावे. म्हाडा आणि कंत्राटदार आपापले काम करतीलच. आपल्या वाट्याचे हे काम मात्र दुसरे कोणी करणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!